घरच्या लघवीचं खत: किती, कसं आणि कुठे नाही

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तेलाचा पाच लिटरचा एक जुना कॅन ठेवलेला असतो. त्यावर मार्करने तारीख लिहिलेली असते आणि झाकण इतकं घट्ट की उघडायला दोन्ही हात लागतात. त्यात आमच्याच घरातली लघवी असते. शेजारच्या वाफ्यांतला दुधी, मका, कोबी आणि अळू गेली चार वर्षं तिच्यावर वाढतोय. गच्ची बघायला येणारे हमखास दोन प्रश्न विचारतात: वास येत नाही का? आणि ही भाजी तुम्ही खाता कशी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं समजायला दहावीपर्यंतचं विज्ञान पुरतं.

खरं तर यातलं अर्धं आपल्या आजी-आजोबांना माहीत होतं. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ कशी माजते हे गावाकडच्या प्रत्येकाने पाहिलंय. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती खणून शेतात टाकायची पद्धत जुनीच. जीवामृत नावाच्या द्रवखतात गोमूत्र घालताना तर आपल्याला जराही अवघड वाटत नाही. गाईच्या मूत्रात पिकाच्या उपयोगाचं जे मुख्य द्रव्य असतं तेच माणसाच्या लघवीतही असतं. त्याचं नाव युरिया. खताच्या दुकानात मिळतो तोच, रेणूसुद्धा तोच. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला, तेव्हा शरीरात बनणारा पदार्थ बाहेरही बनवता येतो हे पाहून शास्त्रज्ञ चकित झाले होते.

शरीरात युरिया येतो कुठून? आपण वरण, उसळ, अंडी, मटण खातो, त्यातल्या प्रथिनांत नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं. चरबी साठवावी तशी जादा प्रथिनं शरीराला साठवून ठेवता येत नाहीत. ती मोडताना नत्र मोकळं होतं ते अमोनियाच्या रूपात, आणि अमोनिया शरीराला विषारी. म्हणून यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो पाण्यात विरघळवून बाहेर टाकतात. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या पोटात रोज जेवढं नत्र जातं, जवळजवळ तेवढंच रोज बाहेर पडतं, आणि त्यातलं बहुतेक लघवीवाटे. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचाही मोठा वाटा याच वाटेने जातो. थोडक्यात, शेतातून डाळीच्या दाण्यात आलेलं खत आपल्या अंगातून फिरून पुन्हा बाहेर येतं. ते मातीत जातं की गटारात, एवढाच प्रश्न उरतो.

सध्या ते गटारात जातं. घरातून निघणाऱ्या एकूण सांडपाण्यात लघवी एक टक्क्याच्या आसपासच असते. पण त्या सांडपाण्यातलं सुमारे ८० टक्के नत्र आणि निम्म्याच्या आसपास स्फुरद त्या एका टक्क्यात असतं. आपण त्यावर फ्लशचं पाणी ओततो, त्यात विष्ठा, साबण, भांड्यांचं पाणी मिसळतो, आणि मग ते सगळं पुन्हा वेगळं करण्यासाठी शुद्धीकरण केंद्रात वीज जाळतो. जे वेगळं होत नाही ते नदीत जातं. इंद्रायणी, पवना, पंचगंगा यांच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो याच नत्र-स्फुरदावर पोसलेला असतो. खत पीक घेतच असतं, फक्त ते पीक आपल्याला नको असलेलं असतं.

आता हिशेब. मोठं माणूस दिवसाला साधारण लिटर ते दीड लिटर लघवी करतं, म्हणजे वर्षाला सुमारे ५०० लिटर. भारतीय आहारात प्रथिनं युरोपपेक्षा कमी, त्यामुळे आपल्याकडे एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत नत्र सव्वादोन किलोच्या आसपास धरतात. चौघांच्या घरात झालं नऊ किलो. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे हे साडेएकोणीस किलो युरियाच्या बरोबरीचं. ४५ किलोच्या अर्ध्या गोणीहून थोडं कमी.

पैशात मोजलं तर ही बचत फार नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. युरियाची गोणी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण बाकीचा भार सरकार उचलतं. पण ती गोणी बनते कशी तेही पाहावं. हवेतलं नत्र प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत हायड्रोजनशी जोडून आधी अमोनिया करतात, आणि हा हायड्रोजन काढतात नैसर्गिक वायूपासून. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही हेच चालतं. देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा जहाजाने येतो. स्फुरदाची गोष्ट आणखी नाजूक आहे. ते हवेतून काढता येत नाही, खाणीतूनच आणावं लागतं, आणि जगातल्या फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या भागात आहेत. योगायोग असा की फॉस्फरस हे मूलद्रव्य माणसाला पहिल्यांदा सापडलं तेच लघवीत. १६६९ साली हांबुर्गमध्ये हेनिंग ब्रांड नावाचा किमयागार सोनं मिळेल या आशेने लघवी आटवत बसला होता, आणि हाती आला तो अंधारात चमकणारा फॉस्फरस.

नितीन गडकरींनी २०१५ साली नागपुरात सांगितलं होतं की दिल्लीतल्या बंगल्यावर आपण लघवी साठवून झाडांना घालतो आणि झाडं जोमाने वाढतात. त्यावर थट्टा खूप झाली. २०१९ मध्ये त्यांनी लघवीपासून युरिया मिळवण्याचा विषय पुन्हा काढला, तेव्हाही तेच. थट्टेत मुद्दा वाहून गेला याचं मला वाईट वाटतं, कारण मुद्दा बरोबर होता. लोकांपर्यंत पोचायला हवं होतं ते पुढचं: किती घालायची, कशी आणि कुणी घालू नये.

आधी वासाचं. ताज्या लघवीला उग्र वास नसतो. युरिया स्वतः बिनवासाचा आहे. पण भांड्यात, नळीत, मातीत सगळीकडे असे जिवाणू असतात की जे युरीएज नावाच्या विकराने (एन्झाइमने) युरिया फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. मुतारीत डोळ्यांना झोंबतो तो हाच. अमोनियामुळे द्रावणाचा सामू (पीएच) चढत जाऊन ९ च्या आसपास पोचतो, आणि सामू चढला की अमोनिया वायू होऊन उडून जायला बघतो. म्हणजे नाकाला वास आला की समजावं, खत हवेत चाललंय. घट्ट झाकण लावायचं ते शेजाऱ्यांसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त नत्रासाठी आहे. साठवताना पाणीही घालू नये. पाणी घालायचं ते झाडाला द्यायच्या क्षणी.

हाच चढलेला सामू दुसऱ्या प्रश्नाचंही, म्हणजे ही भाजी खाता कशी याचंही, उत्तर आहे. बंद भांड्यातला अमोनिया रोगजंतूंना मारतो. निरोगी माणसाच्या लघवीत रोगजंतू विष्ठेच्या तुलनेत फारच कमी असतात. खरा धोका असतो तो लघवीत विष्ठेचा अंश मिसळण्याचा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. अनेक घरांची लघवी एकत्र करून विकायच्या पिकांना घालायची असेल, तर ती २० अंश किंवा त्याहून जास्त तापमानात सहा महिने बंद ठेवावी. एकाच घराची लघवी त्याच घराच्या बागेत आणि त्याच घराच्या ताटासाठी वापरायची असेल, तर साठवणुकीची सक्ती नाही, कारण घरातली माणसं एकमेकांच्या जंतूंच्या संपर्कात तशीही असतातच. मात्र शेवटचा डोस आणि काढणी यांच्यात एक महिन्याचं अंतर हवंच. मी तरीही महिनाभर साठवते. आपल्याकडची उष्णता आयतीच मदतीला असते.

काही रोगांचे जंतू मात्र लघवीवाटेही बाहेर पडतात. विषमज्वर (टायफॉइड) हा त्यातला एक. लेप्टोस्पायरोसिस मुख्यतः उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पसरतो, कोकणातल्या भातशेतीत राबणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. आणि एक कमी ठाऊक असलेली गोष्ट: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लघवीवाटे पसरणारा शिस्टोसोमा हा परजीवी आढळला होता. त्याची अंडी पाण्यात पडतात, गोगलगायीत वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून पुन्हा आत शिरतात. म्हणून ओढा, विहीर, तळं यांच्या काठाला लघवीचं खत वापरूच नये. तसंही जास्तीचं नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, पाण्यात उतरणं चांगलं नाहीच.

घरात कुणाला ताप आहे, लघवीचा जंतुसंसर्ग आहे, प्रतिजैविकं चालू आहेत किंवा कॅन्सरची औषधं चालू आहेत, तर त्या काळात त्या माणसाची लघवी कॅनमध्ये नको. औषधांचा बराचसा भाग लघवीतूनच बाहेर पडतो. आमच्याकडे सासऱ्यांची, म्हणजे आबांची, दातांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पंधरा दिवस त्यांनी स्वतःच आठवण ठेवून आपली बाटली बंद केली होती. घरात याबद्दल मोकळं बोलता यायला हवं, नाहीतर हे खत करूच नये.

आता मात्रेचं, कारण बहुतेक जण चुकतात ते इथे. लक्षात ठेवायला सोपा नियम असा: एका माणसाची एका दिवसाची लघवी एका चौरस मीटरला, एका पिकासाठी, आणि तीही दोन-चार हप्त्यांत. या हिशेबाने एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत तीन ते चार गुंठ्यांचं एक पीक निघतं. एका एकराला दहा-बारा माणसं लागतील. हे खत परसबागेचं आहे, ते यामुळेच. गच्चीवरच्या कुंडीचा हिशेब अजून लहान. एक फूट व्यासाच्या कुंडीचा पृष्ठभाग इतका छोटा असतो की तिच्या वाट्याला अख्ख्या हंगामात चहाचा एक कप लघवी येते. एक कप, एका वेळी नव्हे, पूर्ण हंगामात.

हा आकडा मी चुकून शिकले. पहिल्या वर्षी मे महिन्यात मिरचीच्या कुंड्यांना मी पाणी न मिसळता अर्धा-अर्धा मग दिला. दोन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, चौथ्या दिवशी पानं कागदासारखी चुरगळली. उन्हाळ्यात आपण पाणी घामावाटे घालवतो, त्यामुळे लघवी गडद आणि दाट असते. तिच्यातली क्षारता मुळांभोवती इतकी वाढली की मुळं पाणी आत घेण्याऐवजी बाहेर सोडू लागली. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच. मी कुंड्यांतून भरपूर साधं पाणी खाली गळेपर्यंत सोडलं. सहापैकी दोन रोपं वाचली. ती दोन रोपं जगवायला नवी पालवी फुटेपर्यंत मी रोज सकाळी कुंडीशी उकिडवी बसून पाहत असे, आणि पातळ करण्याचा नियम तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही.

मी करते ते असं. एक वाटी लघवीला दहा वाट्या पाणी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर. माती आधी साध्या पाण्याने ओली केलेली. बुंध्यापासून वीतभर लांब बोटभर चर काढायचा, झारीचं तोंड काढून धार त्यात सोडायची आणि वरून माती ओढून टाकायची. पानांवर थेंब नको. माती ओढली की वास तिथेच दबतो, कारण अमोनिया ओल्या मातीत अमोनियम होऊन तिच्या कणांना चिकटतो आणि तिथले जिवाणू काही दिवसांत त्याचं नायट्रेट करतात. झाडाची मुळं तेही उचलतात आणि अमोनियमही. पंधरा-वीस दिवसांनी पुढचा हप्ता. फळं धरू लागली की बंद.

कोणाला द्यायचं? ज्यांना पानं आणि खोड वाढवायचं आहे त्यांना: मका, कोबी, दुधी, लाल भोपळा, केळ, अळू, कढीपत्ता. गवार, चवळी, वाल यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात, त्यांना याची फारशी गरज नाही. मुळा-गाजराला जास्त दिलं तर वर पाल्याचा डोंगर आणि खाली बोटभर मूळ. टोमॅटोची पानं काळपट हिरवी, गुबगुबीत झाली आणि फुलं दिसेनात, तर नत्र जास्त झालंय. कच्ची खायची कोथिंबीर, सॅलडची पानं मी यातून वगळते. महिन्याचं अंतर तिथे पाळता येत नाही. तुळशीला मी कधीच घालत नाही. त्याला शास्त्राचं कारण नाही, घरातल्या मोठ्यांच्या मनाचं आहे, आणि ते मला पुरेसं आहे.

जमिनीत मुळातच क्षार असतील तर विचार करून. सांगली-कोल्हापूरकडे अति पाण्याने चोपण, म्हणजे क्षारपड झालेल्या रानात लघवीचं मीठ आणखी कुठे टाकायचं? कुंड्यांतही वर्षानुवर्षं मीठ साचू शकतं. म्हणून पावसाळ्यात मी हे खत पूर्ण बंद ठेवते आणि चार महिने पावसाला कुंड्या धुऊ देते. तसंही पावसात दिलेलं नत्र वाहूनच जातं.

पीक खरंच येतं का, याची उत्तरं आता बऱ्याच ठिकाणांहून आली आहेत. फिनलंडमधल्या कुओपिओ विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात लघवीवर वाढलेल्या टोमॅटोला रासायनिक खताइतकीच फळं लागली, आणि बिनखताच्या झाडांच्या चौपटीहून जास्त. माझ्या मनात घर केलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या प्रयोगाने. तिथल्या बायका वाळूसारख्या जमिनीत बाजरी पिकवतात आणि खत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. २०१४ ते २०१६ या काळात शेकडो शेतांवर त्यांनी साठवलेली लघवी बाजरीला दिली. उत्पन्न सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वाढलं. लघवी हा शब्द चारचौघांत घ्यायला संकोच वाटतो म्हणून त्या खताला त्यांनी 'ओगा' असं वेगळं नाव ठेवलं. माण-खटावच्या माळावर बाजरी काढणाऱ्या बाईला हे ऐकून परकं वाटणार नाही.

श्रीमंत देशांनी वेगळा रस्ता धरलाय. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो इथे रिच अर्थ इन्स्टिट्यूट २०१२ पासून घराघरांतली लघवी गोळा करून, गरम करून निर्जंतुक करते आणि शेतकऱ्यांना देते. स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातली औषधं कोळशाच्या गाळणीने काढून, पाणी आटवून 'ऑरिन' नावाचं द्रव खत बनवतात. खाद्यपिकांसह सगळ्या झाडांना ते वापरायची सरकारी परवानगी २०१८ मध्ये मिळाली. शहरांसाठी हाच मार्ग योग्य आहे असं मला वाटतं. सोसायटीतल्या शंभर घरांनी शंभर कॅन ठेवावेत असं मी म्हणणार नाही.

मराठी माणसाने तर या विषयात फार आधी पाऊल टाकलं होतं, आणि ते खतापेक्षा मोठ्या कारणासाठी. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचं काम आपल्याला करू द्यावं यासाठी त्यांनी उपोषण आरंभलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासोबत उपास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी असा साधा संडास तयार केला की मैला कुणाला उचलावा लागू नये, मातीत त्याचं सोनखत व्हावं. सोनखत हा आपल्या भाषेतलाच शब्द. त्यात सोनं दिसणारी नजर आहे, पण ते सोनं शतकानुशतकं एका जातीच्या डोक्यावरून वाहून नेलं गेलं हेही विसरता येत नाही. देहूच्या डॉ. मापुसकरांनी तोच वसा घेऊन संडासाला जोडलेले गोबरगॅस गावोगावी पोचवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

म्हणून आमच्या घरात एक नियम सगळ्या मात्रांच्या आधी येतो. कॅन ज्याने भरला त्यानेच तो गच्चीवर न्यायचा, त्यानेच धुवायचा. कामाला येणाऱ्या मावशींनी त्याला हातही लावायचा नाही. ज्या घराला हे जमत नसेल त्याने दुकानातून युरिया आणावा, त्यात काहीच कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट लघवी करत नाही: ती जमिनीला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा कार्बन, देत नाही. नुसत्या तिच्यावर माती वर्षानुवर्षं जिवंत राहणार नाही, कंपोस्ट हवंच. पण वाळलेल्या पाल्याच्या ढिगावर ती ओतली तर गंमत बघण्यासारखी असते. वाळका पाला कुजत नाही कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडतं. उसाच्या पाचटावर शेतकरी युरिया टाकतात तो त्यासाठीच. आमच्या पिंपात आंब्याची वाळकी पानं असतात. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर लघवी त्यावर फिरवली की दुसऱ्या दिवशी हात घातला तर आत चांगलंच गरम लागतं. चुलीतली राख असेल तर तीही बागेला चांगली, तिच्यात पालाश आणि चुना असतो. फक्त राख आणि लघवी एकत्र कालवू नये. राखेने सामू अजून चढतो आणि अमोनिया भसकन उडून जातो. दोघांच्यात आठवडाभर अंतर ठेवावं.

कॅन रिकामा झाला की तळाशी पांढरट वाळूसारखा थर उरतो. सुरुवातीला मला ती घाण वाटली होती. ते स्ट्रुव्हाइट आहे, मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे खडे. मुतारीच्या नळ्या तुंबतात त्याही यामुळेच, आणि झाडाला ते हळूहळू विरघळणारं स्फुरदाचं खत आहे. मी ते नारळाच्या शेंडीने खरवडून काढते. मूठभरही भरत नाही. गणपती उठल्यावर ते झेंडूच्या कुंड्यांत बोटभर खोल मिसळते, आणि दसऱ्याच्या तोरणाला फुलं बाजारातून आणावी लागत नाहीत.